जीनवाल्या शेटजींच्या कानात

बाबा, आज दुपारी आमच्या चर्चचे नवे पाळक घरी येऊन गेले, आणि ते गेल्यापासून मी हा कागद पुढं घेऊन बसले आहे. पाळक म्हणजे काय, माझ्या नातवाच्या वयाचा पोरगा. चहा पिता पिता म्हणाला, "आजी, येत्या रविवारी तुमच्या वडिलांची ती गोष्ट सांगाल का? पारशी शेटजींची?" मी त्याला काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते, कारण आत्ताच सांगितलं तर पुढचं लिहायचं धाडस होणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. दवाखान्याच्या नोकरीनं आणि शहरानं माझी बोलीही धुऊन टाकली. पण डोळे मिटले की तुम्ही दिग्रसच्याच भाषेत बोलता.

आपल्या मिशन कंपाउंडातलं स्वयंपाकघर आठवतं मला. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, मी ड्यूटीवरून येऊन पाटावर टेकले आहे, आणि तुम्ही कंदिलाशी उभे. कंदील विझवायचा तर माणूस काच वर करतो आणि फुंकर मारतो. तुम्ही मात्र वात हळूहळू खाली नेत राहायचे, ती आपली आपण मिटेपर्यंत. आई वैतागायची. "फू कराले काय होते तुमाले? सारं आयुष्य त्या वातीपाशी चाल्लं!" तुम्ही हसायचे. ही सवय तुम्ही जीनवाल्या शेटजींच्या बंगल्यावरून उचललेली. पारशी माणूस ज्योतीवर तोंडाची उष्टी हवा घालत नाही, असं तुम्ही आम्हाला समजावलं होतं. कंपाउंडातल्या बायकांनी त्याचा अर्थ आपला आपण लावला. पाळकसाहेब आता आगीची पूजा करतात म्हणे! नळावर हे ऐकलं की मी बादली अर्धीच भरून घरी यायची. मला तुमची लाज वाटायची, बाबा. तेव्हापासूनच वाटायची, उगाच खोटं कशाला सांगू.

जबलपूरला पाळकाचं शिक्षण घेताना कुणा म्हाताऱ्या शिक्षकानं तुम्हाला पारशांच्या धर्माचं वेड लावलं, आणि दिग्रसला बदली झाली तर तिथं कापसातली सरकी काढणाऱ्या जीनचा मॅनेजर नेमका पारशी निघाला. देवानंच सोय केली, असं तुम्ही म्हणायचे. शेटजी एकटे, म्हातारे, बायको कधीच गेलेली, एक बहीण तेवढी नवसारीला. संध्याकाळची घरोघरची भेट आटोपली की तुम्ही सायकल त्यांच्या बंगल्याकडं वळवायचे. तुम्ही त्यांना बायबलातले यशयाचे अध्याय वाचून दाखवायचे, ते त्यांच्या धर्मग्रंथाचे, अवेस्ताचे, तुमचे उच्चार सुधारून द्यायचे, आणि दोघंही हट्टी, कुणी कुणाचं ऐकायचं नाही. उजवीकडून डावीकडं जाणारी ती अक्षरं तुम्ही चाळिशी उलटल्यावर गिरवलीत. आपली मेथडिस्ट मंडळी तुमच्याकडून रविवारच्या प्रवचनाची अपेक्षा करायची, आणि तुम्ही प्रवचन करायचेही सुरेख, पण जीव तुमचा त्या पुस्तकात होता जे तुम्ही लिहीत होता. एकदा जेवताना तुम्ही म्हणाला होतात, "यायच्या धर्मात सगळ्यात मोठं पाप कोन्तं, मालूम हाय? खोटं बोलनं. चोरी, मारामारी मंग. आधी खोटं." मी मान डोलावली होती. लक्ष माझं नव्हतंच, माझं लग्न ठरत होतं.

त्या सालच्या थंडीत शेटजींच्या काळजानं दगा दिला. मिशनच्या दवाखान्यातून मी रोज इंजेक्शन द्यायला जात होते, म्हणून त्या दुपारी मी तिथं होते. जीन चालू होतं, खिडकीतून कापसाची तूस आत येऊन पलंगावर बसत होती. नागपूरला त्यांच्या धर्मगुरूंना तार गेली होती, पण मोटारी बदलत माणूस येणार कधी? आणि शेटजींकडं तेवढा वेळ नव्हता, ते मला नाडी धरल्याबरोबर कळलं होतं. त्यांनी तुमच्याकडं बघून स्वतःच्या कानाकडं बोट नेलं. म्हणाले, "पादरी, हवे तमे बोलो." म्हणजे, आता तुम्हीच म्हणा. पारशी माणूस जाताना त्याच्या कानात त्यांची एक छोटी प्रार्थना म्हणायची असते, ती म्हणणारं त्या अख्ख्या गावात तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. आपल्याकडं पुरुष प्रार्थनेला टोपी काढतो. तुम्ही टोपी काढली, जरा वेळ तशीच हातात धरून उभे राहिलात, आणि मग पुन्हा घातली, कारण त्यांच्यात डोकं झाकतात. मग गुडघ्यांवर बसून त्यांच्या कानाशी तोंड नेलंत. तुम्ही म्हणत होता आणि त्यांचे ओठ तुमच्याबरोबर हलत होते. ओठ थांबले तरी तुम्ही म्हणतच राहिलात. मी कित्येक मरणं बघितली पुढं, पण इतक्या शांतपणे फार थोडी माणसं गेली.

दारात जीनचे मिस्त्री उभे होते, मशीन सांभाळणारे, दिग्रसच्याच मुसलमान मोहल्ल्यातले. भला माणूस! ढसाढसा रडले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारभर सांगत सुटले, "क्या पढ़ा पादरीसाब ने! शेठ के मज़हब का पढ़ा, सर ढांक के पढ़ा. ऐसा दिल होना!" त्यांनी तुमची थोरवीच गायली बिचाऱ्यांनी. ती थोरवी आपल्या मंडळीच्या कानावर गेली, आणि वेळ तर अशी की नुकतंच नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धर्म घेतला होता, आपल्याही मंडळीतली काही घरं तिकडं गेली होती. उरलेले एकमेकांकडं संशयानं बघत होते. त्यात खुद्द पाळकानं दुसऱ्याची प्रार्थना म्हटली, डोक्यावर टोपी ठेवून म्हटली! कमिटी बसणार, पाळकपण जाणार, कंपाउंडातलं घर सोडावं लागणार, असं सगळे बोलू लागले.

कमिटीवर माझे होणारे सासरे होते. ते यवतमाळहून आपल्या घरी आले तेव्हा तुम्ही दारव्ह्याच्या मंडळीकडं गेला होता. आईनं त्यांना स्वयंपाकघरातच पाट दिला, पोहे दिले. त्यांनी पोह्यांना हात लावला नाही. मला म्हणाले, "बाई, तू तिथं होतीस. तुझ्या वडिलांनी त्याच्या कानात काय म्हटलं?" आवाज चढलेला नव्हता त्यांचा. पण आईचा हात परातीत थांबला, आणि मला माझं लग्न हातातून जाताना दिसलं. मी म्हटलं, "'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', ते स्तोत्र म्हटलं, काका. मराठीत." "आणि टोपी?" मी म्हटलं, "थंडी फार होती. त्यांचे कान दुखत होते." कशी सुचली ही थंडी मला, बाबा! जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि पोहे जवळ ओढले. परत मागून खाल्ले.

तुम्ही आलात तेव्हा मी अंगणातच तुम्हाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तुम्ही सायकल भिंतीला लावत होता. ती लावून झाली तरी तुमचा हात सीटवरच. "तू असं काहून सांगतलं?" एवढंच विचारलंत. मी तडकले. लाज वाटली की मी तडकते, ती खोड अजून गेली नाही. म्हटलं, "मग तुम्ही असं काहून केलं? तुमाले आपला देव पुरला नाही? दोन शब्द स्तोत्राचे म्हटले असते तर काय बिघडलं असतं? त्याले काय समजलं असतं मरताना?" तुम्ही सीटवरचा हात काढलात. मग म्हणालात, "मरनाऱ्याच्या तोंडात आपला घास कायले कोंबाचा, बाई? त्याचं त्याले देलं." आणि आत गेलात. मी मागून ओरडले, "मंग माझं काय?" ते तुम्ही ऐकलंत. ऐकलंत हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण पुढं जे केलंत ते त्याचंच उत्तर होतं.

कमिटी चर्चशेजारच्या शाळेच्या खोलीत बसली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. तुम्ही कमिटीपुढं नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे, अगदी मोजून मापून. मला वाटत होतं, आता तुम्ही खरं सांगणार. तुमच्याकडं सांगण्यासारखं किती होतं! परक्याच्या जखमा बांधणाऱ्या दयाळू शोमरोन्याची बायबलातली गोष्ट होती, आठ-दहा वर्षांचा तुमचा अभ्यास होता, शेटजींचा शब्द होता. खरं सांगितलं असतंत तर कदाचित त्यातले दोघे-तिघे तुमच्या बाजूनं उभेही राहिले असते. अध्यक्षांनी विचारलं, "पाळकसाहेब, तुमच्या मुलीनं सांगितलं ते खरं आहे का?" तुम्ही उठलात. एकदा माझ्याकडं बघितलंत. आणि घरातल्या बोलीत म्हणालात, "माही पोट्टी खोटं नाही बोलत." आणि खाली बसलात.

झालं. विषय मिटला, कुणीतरी प्रार्थना केली, चहा आला. माझ्या सासऱ्यांनी तुम्हाला मिठी मारली. मी दारापाशी उभी होते, पायाखालची जमीन फाटावी असं लोक म्हणतात ना, तसं वाटायला हवं होतं. वाटलं मला हलकं. हेच तर सांगायला मला इतकी वर्षं लागली. मला त्या क्षणी फक्त हलकं वाटलं, आणि लग्नाच्या साडीचा रंग डोळ्यांपुढं आला.

त्या संध्याकाळी आईनं तुम्हाला कंदील विझवायला सांगितला. तुम्ही काच वर केलीत आणि फू करून विझवलात. आई म्हणाली, "आता कसं!" तिला बिचारीला काय माहीत. मला त्या धुराचा वास अजून येतो. मुंबईहून आणवलेली पुस्तकं तुम्ही परत पाठवलीत, लिहिलेले कागद आईच्या लुगड्यांच्या पेटीत गेले, आणि मी एकदा माहेरपणाला आले असता विचारलं तर म्हणालात, "त्या धर्मावर लिहाचं तर लिहिनारा तसा पाहिजे." रागानं नव्हे. मला राग हवा होता. तुम्ही माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तिच्या हातात बिस्कीट दिलंत आणि पावसाचं बोलू लागलात.

वयाची साठ वर्षं सरता सरता तुम्ही गेलात. तुमच्या दफनाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनीच पहिल्यांदा ती गोष्ट उभ्यानं सांगितली: या सेवकानं अग्निपूजकाच्या मरणशय्येपाशी मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं. पुढं कुणीतरी त्यात घातलं, की शेटजींनी स्तोत्र पुन्हा म्हणायला सांगितलं. मग आणखी कुणीतरी घातलं, की शेवटच्या श्वासाला त्यांनी प्रभूचं नाव घेतलं. ज्या माणसाला तुम्ही त्याचंच देऊन पाठवलंत, त्याला आम्ही मेल्यावर बाटवला, बाबा. माझ्या एका थंडीच्या थापेवर. त्यांच्या बहिणीचं कुणी नवसारीला असेल तर त्यांना हे कळूसुद्धा नये अशी मी प्रार्थना करते. हो, त्याचीही प्रार्थना करते, बघा माझी हिंमत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. लेकीला वाचायला द्यावं असं दोनदा मनात आलं. ती आजोबांची ती गोष्ट रविवारच्या शाळेत पोरांना सांगते, तिच्या हातात हे कसं ठेवू? गादीखाली ठेवीन. आता ते उत्तर. तो पोरगा दारात चपला घालताना म्हणाला, "आजी, शेटजींनी प्रभूचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही स्वतः ऐकलंत ना?" मी हो म्हटलं. रविवारी उभी राहीन असंही म्हटलं. आणि बाबा, ही काही पहिली खेप नाही. मी ती गोष्ट फार छान सांगते. टोपीपाशी येते, थंडीपाशी येते, मग जरा थांबते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं.