टाचणीबाईंची शेवटची अकरा चित्रे

दि. ३ मार्च १९५८

कै. सौ. टाचणीबाई, व्यंगचित्रकार, तिसरा मजला, शेवटची खोली, यांस,

स. न. वि. वि. दिवंगत व्यक्तीस पत्र लिहिणे तर्काला धरून नाही, हे तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक या नात्याने मला मान्य आहे. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ आपणच देऊ शकाल, तो अन्य कोणास विचारणे त्याहून अधिक तर्कदुष्ट ठरेल. पत्र कार्यालयीन असल्याने ‘आपण’ म्हणत आहे, राग नसावा.

आपल्या टेबलाच्या खणात छत्रीवाल्या गृहस्थांची अकरा चित्रे तयार सापडली. एकाही चित्राखाली ओळ नाही. आपली रीत अशीच होती: चित्र दुपारी, ओळ अगदी शेवटी, पाचच्या सुमारास, चित्राचा छपाईचा ब्लॉक करणारा दारात ताटकळत असताना. मी आपणास घरी न्यायला येत असे तेव्हा आपण किराण्याची यादी लिहीत असा. त्या गडबडीत ओळ केव्हा सुचे, हे विचारायचे राहून गेले.

संपादकांचे म्हणणे असे, की ओळी मी लिहाव्यात. न लिहिल्यास आठवड्यातून तीनदा येणारा आपला बावीस वर्षांचा कोपरा उद्यापासूनच केशतेलाच्या जाहिरातीस जाईल. लिहिल्यास महिनाअखेरपर्यंत तो आपला. पुढे ही खोली नव्या चित्रकारास मिळेल. आपल्या कोपऱ्याची अखेर तेलाने होऊ नये, म्हणून मी होकार दिला आहे.

परंतु विनोद मला येत नाही. आपल्या ओळी मला नेहमीच पटत. त्या वर्तमानपत्रातली तेवढीच वाक्ये विचारपूर्वक लिहिलेली असत. हसू मात्र कधी आले नाही. पहिल्या चित्रात घर सर्वत्र गळत आहे व गृहस्थ छत्री उघडून आरामखुर्चीत बसले आहेत. मी लिहिले: ‘छप्पर गळत असल्यास घरातही छत्री वापरणे हितावह असते.’ यात गैर काय, ते कळत नाही. काही सुचवता आल्यास उपकार होतील.

आपला,
नित्याचाच

दि. १० मार्च १९५८

ती. भावजींना धाकटीचा सा. न.

तीन ओळी वाचल्या. तुम्ही केलंत तरी काय हे? त्या कुत्र्याच्या चित्रावर तर यांना चहाचा ठसका लागला आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची वाट लागली. गृहस्थ चष्मा लावून ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी वाचताहेत, मागून कुत्र्याने कोटाचं शेपूट धरलंय, आणि खाली तुम्ही लिहिता, ‘पाटी पूर्ण वाचल्यावाचून निष्कर्ष काढू नये.’ आमच्या गल्लीत शिंप्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय ते. डॉक्टर तर पेशंटला तपासताना म्हणतात.

ताई गेल्यापासून या घरात कुणी असं खळखळून हसलं नव्हतं. मला हसताहसता रडू आलं, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

एक विचारू? हे छत्रीवाले गृहस्थ कोण, असं तुम्हाला वाटतं? चित्रातल्या कोटाचं तिसरं बटण नीट बघा. मग तुमच्या कोटाचं बघा.

जेवणाची आबाळ करू नका. माया आहे ती काही कमी करू नये.

तुमची धाकटी

दि. १४ मार्च १९५८

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सदऱ्याबद्दल दिलगीर आहे.

माझ्या कोटासही तिसरे बटण नाही, हा योगायोग आहे. छत्रीवाले गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीशांचे नाक लांब आहे. चित्रातील नाक लांब आहे. सबब ते न्यायाधीश होत.

तुझ्या पत्राने मी व्यथित झालो. लोक हसतात याचा अर्थ ओळी चुकत आहेत. काल कार्यालयाच्या जिन्यावर छापखान्यातील दोघा खिळे जुळवणाऱ्यांनी मला पाहून तोंडावर रुमाल धरले. संपादकांनी तर मला कायमचे विनोदकार व्हा म्हणून गळ घातली. मी त्यांस सांगितले, की मी हयातीत एकही विनोद केलेला नाही, तसा पुरावा कोणी दाखवावा. त्यावर ते उठून खिडकीकडे गेले व पाठमोरे बराच वेळ हलत राहिले.

तिच्या बावीस वर्षांच्या कामाचे माझ्या हातून हसे होत आहे. पुढल्या शनिवारची नववी ओळ ही शेवटची. मग केशतेल आले तरी चालेल.

सर्वांस यथायोग्य सांगणे. लोभ आहे तो, मी बरोबर असो वा नसो, राहू द्यावा.

तुझा भावजी

दि. १९ मार्च १९५८

ती. भावजींना सा. न.

खबरदार, तेलबिल आणलंत तर.

ताईने मला शपथ घातली होती, पण आता मोडते. ती म्हणायची, तिला चित्रं सुचतात, ओळी जन्मात सुचल्या नाहीत. तुम्ही पाचच्या ठोक्याला छत्री घेऊन दारात यायचात आणि आल्या आल्या काहीतरी एक वाक्य बोलायचात. ती मान खाली घालून ते जसंच्या तसं कागदावर उतरवायची आणि ब्लॉकवाल्याच्या हातात द्यायची. तुम्हाला वाटायचं किराण्याची यादी. अहो, बावीस वर्षांत तुमच्या घरी किराणा कधी वेळेवर आला का, आठवून बघा.

तिने एकही ओळ स्वतः लिहिली नाही, भावजी. सगळ्या तुमच्याच. तुम्हाला त्या पटायच्या त्या काय उगाच?

ती सांगायची, लोक दिवसातून एकदा हसतात, मी दोनदा हसते; एकदा हे बोलतात तेव्हा, आणि एकदा सकाळी हे तीच ओळ वाचून ‘अगदी योग्य’ म्हणतात तेव्हा.

आणि न्यायाधीशांचं नाक चपटं आहे. मी स्वतः पाहिलंय.

राहिलेल्या ओळी लिहा. माझ्यावर चिडलात तरी पत्र टाका.

तुमची धाकटी

दि. २६ मार्च १९५८

प्रिय टाचणी,

न्यायाधीशांकडे जाऊन आलो. नाकाविषयी धाकटीचे बरोबर आहे. चुकीच्या गृहीतकावर मी बावीस वर्षे काढली.

खण आवरताना एका चिठ्ठीला टाचलेले बटण सापडले. तुझ्या अक्षरात लिहिले आहे: ‘यांच्या कोटाचे, तिसरे. लावू नये, चित्र बदलावे लागेल.’ ते मी लावणार नाही.

दहावी ओळ परवा दिली. अकरावे चित्र मात्र तसेच राहिले होते. त्यात फार काही नाही. अलीकडे टेबलाची कड आणि शाईची दौत, पलीकडे उघडे दार, दारात छत्री घेऊन मी. म्हणजे, तुझ्या खुर्चीतून दिसे तसा. तीन दिवस त्याच्यापुढे बसून काही सुचले नाही, कारण तुझ्या खुर्चीत बसून मला कधीच काही सुचलेले नाही. माझी जागा दारात.

म्हणून आज मी छत्री घेऊन खाली गेलो आणि पाचच्या ठोक्याला जिने चढून आलो. ब्लॉक करणारा दारात ताटकळत होता. मी आत पाहिले व नेहमीप्रमाणे बोललो. मग टेबलापाशी जाऊन ते जसेच्या तसे उतरवले: ‘पाच वाजले. आता निघण्यास हरकत नसावी.’

ब्लॉक करणारा हसला, मग हसायचा थांबला, आणि कागद दोन्ही हातांनी घेऊन गेला. ओळ मला पटली. यावेळी थोडे हसूही आले.

किराणा आणायचा आहे.

तुझ्या दौती धाकटीकडे पाठवल्या. खिडकी लावली, दिवा मालवला. खोलीस कुलूप घालून दोन्ही किल्ल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे परत केल्या.