चार नंबरची चकती

७ ऑक्टोबर, सोमवार

चार नंबर पुन्हा जास्त दाखवतोय! सौर वीजकेंद्राच्या मनोऱ्यावर वितळलेल्या मिठाच्या नळ्यांपुढे सहा चकत्या बसवल्यात, प्रत्येकीच्या पोटात तापमान सांगणारी तार. पाचजणींचं एकमत — ही एकटी आरशांनी वर फेकलेल्या उन्हाची आच दीडपट सांगते. खाली दिव्यासमोर ठरलेली आच देऊन प्रत्येक चकती मीच पारखली होती. त्या हिशेबावरच तर तारेच्या तापमानावरून वरची आच काढतो आम्ही.

इद्दर म्हणतो, "तार कशाला खोटं बोलेल, तूदाबाई? तिला काय पगारवाढ हवीय?"

मोठा शहाणा! पूर्वी आच मोजायचं काम त्याच्या जुन्या मापकाचं. माझी पद्धत आली, तो बाजूला पडला. ती फसली तर कोणाला उकळ्या फुटतील, हे काय सांगायला हवं?

११ ऑक्टोबर, शुक्रवार

नमाजानंतर सगळे कुसकुसच्या ताटाभोवती बसलो, तर इद्दरची बाजू तशीच! शुक्रवारचं कुसकुस सोडणारा माणूस अख्ख्या वारझाझातमध्ये सापडायचा नाही. प्रयोगशाळेत जाऊन बघते तर हा दिव्यापाशी, चार नंबर घेऊन. एकटा. "सहज बघत होतो," म्हणे.

१२ ऑक्टोबर

चार नंबर स्वतः पुन्हा पारखला. पहिल्यासारखाच, तसूभर फरक नाही. म्हणजे पठ्ठ्याने केलेली करामत पुसूनही टाकली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

वर बसवला — पुन्हा दीडपट! मनोऱ्याची किल्ली इद्दरकडेही असते.

संचालक सी बराहीम यांनी विचारलं, "गुरुवारी सगळे आरसे मनोऱ्याकडे वळवायचे का? चार नंबरचा आकडा धरला तर नळ्यांना झेपणार नाही. सोडला तर झेपेल. बोल."

इद्दर मध्येच म्हणाला, "तिथे खरंच आच जास्त पडत असेल तर?"

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. "सोडा," म्हटलं, आणि सही केली.

१५ ऑक्टोबर

इद्दर बोलत नाही माझ्याशी. बरंच झालं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

चार नंबरमागची नळी फुटली. तिच्यावर लक्ष ठेवायला इद्दर खालच्या सज्जात उभा होता. दोन्ही हात भाजलेत.

दवाखान्यात त्याच्या बायकोने माझा हात धरला. म्हणाली, "तुम्हीच ना तूदाबाई? घरी सारखं तुमचंच चालायचं यांचं. म्हणायचे, बाईंची पद्धत अगदी चोख आहे, फक्त बाईंचाच तिच्यावर विश्वास नाही."