घळीतले वरचे तीन थर

प्रिय रागना,

तुझं पत्र दूधगाडीबरोबर मंगळवारी आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत.

तू लिहितेस, विद्यापीठातल्या जुन्या नमुन्यांवरून पाहता, घळीतल्या लाव्हाच्या वरच्या तीन थरांत दगड थिजताना गोठून राहिलेली जुनी उत्तर दिशा एकाएकी पूर्वेकडे ढळली आहे, पृथ्वीचं चुंबकत्व उलटण्याआधी असं डगमगलं असावं, आणि शनिवारी तू आणखी नमुने काढायला चढणार आहेस. तुझा आनंद मोडताना हात जड होतोय.

तू चार वर्षांची होतीस. बाबा आणि ओडुरमामा तिथे विद्यापीठाच्या प्रोफेसरांसाठी दगडात भोकं पाडून तेच बोटभर नमुने काढायचे. तोडण्याआधी प्रत्येकावर दिशेची खूण करायची. तो काळा दगड होकायंत्राची सुई स्वतःकडे ओढतो, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा धरायची, असा नियम. त्या जुलैत अकरा दिवस ढग हटले नाहीत. "ताई, तुझ्या देवाला सूर्याचा विसर पडला वाटतं," मामा म्हणायचा आणि माझी बोलणी खायचा. अखेर कंटाळून दोघांनी वरचे तीन थर नुसत्या होकायंत्रावर उरकले.

बाराव्या दिवशी ऊन पडलं. "दाजी, तुम्ही कॉफी घ्या. भोकं कुठे पळत नाहीत, मी सूर्यावर मोजून येतो," म्हणत मामा एकटाच वर गेला. मेंढ्या शोधताना तो कड्यावरून पडला, असं आम्ही तुला सांगत आलो. तो त्या घळीत पडला, ओल्या दगडावरून.

दफनाला आठवडा झाला आणि प्रोफेसरांचं पत्र आलं. तीन थरांचे सूर्याचे आकडे राहिलेत, ते पाठवा, नाहीतर पुन्हा कुणाला तरी चढवा. बाबांनी इथे, स्वयंपाकघरात बसून, होकायंत्राचे आकडे सूर्याच्या रकान्यात भरले. मोजणीच्या वेळाही मनाच्याच घातल्या. मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे." ते म्हणाले, "खोट्यानं कुणी मरत नाही. तिथे मरतं." पाकीट मीच चिकटवलं. तेवीस वर्षं मी हे पोटात ठेवून चर्चमध्ये प्रभुभोजन घेते आहे.

त्या थरांतली उत्तर दिशा आम्ही ढळवली, रागना. प्रश्न नुसता तुझ्या प्रबंधाचा असता, तर बाबा असेपर्यंत मी गप्पच राहिले असते, हेही देवासमोर कबूल करते. पण तू चढणार आहेस. नको चढूस. आणि खरे आकडे हवेतच म्हणून गेलीस, तर एकटी जाऊ नकोस, आणि ऊन पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या दिवशी तिथले दगड वाळलेले नसतात.

तुझीच,
आई