टोपलीचं झाकण

आई,

तुम्ही मळ्यात भाजी आणायला गेलात आणि इकडे न्यागुथीला पुन्हा धाप लागली. शेजारच्या कामाऊच्या मोटारसायकलवरून तिला दवाखान्यात नेते आहे. दम्याचा पंप दिलाय, पण म्हणावा तसा उतार नाही.

मका आणि घेवडा गॅसवर उकळून पातेल्यासकट टोपलीत ठेवलाय, वरून गोधडी दाबलीय. आतल्या वाफेवर दुपारपर्यंत शिजेल. मध्येच झाकण उघडून बघू नका. काल तसंच झालं, वाफ गेली आणि दाणे कच्चे राहिले.

शेगडीतली राख अजून कोमट होती, आई. थंडी म्हणून खिडकीही लावलेली होती आणि पोर पलीकडच्याच खाटेवर. कालच्या कच्च्या दाण्यांवरून मी तुम्हाला तिच्यासमोर नाही नाही ते बोलले, म्हणून पहाटे गुपचूप कोळसा पेटवून तुम्ही ते दाणे शिजवलेत. माझ्या जिभेला हाड नाही. घरात कोळसा कुणी पेटवला, असं डॉक्टर विचारतील. मी पेटवला, असंच सांगणार आहे. तुम्हीही दुसरं काही बोलू नका.

खिडक्या उघड्या ठेवा. शेगडी मी अंगणात काढलीय, ती तिथेच राहू द्या.

तिला तुमचं नाव ठेवलंय ना, दवाखान्यात ते पुकारलं की तुम्हा दोघींनाच हाक मारल्यासारखं वाटतं. आम्हाला उशीर झाला तरी जेवण संध्याकाळपर्यंत गरम राहील. झाकण मात्र आम्ही आल्यावरच, दोघी न्यागुथींनी मिळून उघडायचं.

वांगेची