डिम्फनाच्या आधी पाण्यात

९ ऑगस्ट, रविवार
आजही डिम्फना माझ्या पुढे. समुद्रकाठच्या तलावातली शर्यत पोहून झाल्यावर सॉसेज-पाव खाता खाता तिने सहज सांगून टाकलं की सप्टेंबरात इथला हिवाळी हंगाम संपला की ती पर्थला लेकीकडे जाणार. कायमची. बरंच झालं. चौथी लेन मोकळी होईल.
पण त्याआधी तिला एकदा हरवायचंच. शाळेत असताना, कॉन्व्हेंटच्या शर्यतीत, शिट्टी वाजायच्या ऐन क्षणी ती पुटपुटली होती, बर्नी, तुझी पट्टी सुटलीये. मी पोहण्याच्या पोशाखाच्या खांद्याकडे पाहिलं आणि ही पाण्यात! पट्टी खरंच सुटली होती, असं ती आजतागायत शपथेवर सांगते. मी ते कधीच विसरून गेले आहे.

१० ऑगस्ट
शांतपणे विचार केला. माझं पोहणं उत्तम आहे. अडतं फक्त सुरुवातीला. एरवी रविवारी क्लेम काठावर आकडे मोजतो आणि आपला आकडा आला की उडी मारायची. सगळ्यात हळू पोहणाऱ्याला सगळ्यात आधी सोडतात. त्यामुळे मी कायम पहिली, आणि घाईची सवयच गेली. हंगामाच्या शेवटच्या रविवारी मात्र सगळे एकाच भोंग्यावर. म्हणजे भोंगा आणि उडी यांच्यातला वेळ कमी केला की काम झालं.
क्लेमला सांगितलं. म्हणाला, अगं, ती तुझ्या अर्धा तलाव पुढे असते, त्याला भोंगा काय करणार? चाळीस वर्षं संसार केला, पण या माणसाला तंत्र म्हणून कळत नाही.

१४ ऑगस्ट
फोनवर एक खेळ सापडला. पडदा हिरवा झाला की बोट लावायचं. प्रगती थक्क करणारी. काही वेळा हिरवा व्हायच्या आधीच बोट लागलं. ते मोजलं नाही. उत्साह म्हणजे चूक नव्हे.

१९ ऑगस्ट, सकाळ
टोस्टरमधून पाव उडाला की मीही उडायचं, असा सराव. शिवाय क्लेमने दिवसभरात केव्हाही मागून टाळी वाजवायची.

१९ ऑगस्ट, दुपार
टाळी बंद. आईची चहाची किटली गेली. क्लेम म्हणतो, तूच सांगितलंस, केव्हाही वाजव. पण हातात काय आहे ते बघायला नको?

२३ ऑगस्ट, रविवार
चर्चमध्ये मिस्साच्या वेळी वेदीवरची घंटा वाजली. सगळे मान खाली घालून होते. मी पुढच्या बाकाची कड धरून, कंबर वर, उडीच्या पवित्र्यात. पुढच्या बाईंची टोपी पडली. क्लेम घरी येऊन गाडीतून उतरल्यावर तासभर हसला.
पण गुण आहे तो आमच्या शाळेतल्या सिस्टर परपेच्युआंचा. त्यांच्या हातात लाकडी टिपरी असायची. एका टक्‌ला गुडघे टेकायचे, दुसऱ्या टक्‌ला उठायचं. डिम्फना आणि मी शेजारी शेजारी. आमच्याइतके तत्पर गुडघे साऱ्या किनाऱ्यावर नव्हते. आता उठताना तिचा हात लागतो, एवढंच.

५ सप्टेंबर
डिम्फनाला सुगावा लागला. लॅमिंग्टन केक आणि आपल्या नवऱ्याची जुनी शिट्टी घेऊन स्वतःच दारात हजर! म्हणाली, चल म्हातारे, मला हरवायचंय ना, मग नीट शिक. आवाजाची वाट बघत बसू नकोस, मन पायाच्या अंगठ्यावर ठेव. अंगणात संध्याकाळपर्यंत शिट्ट्या. शेजाऱ्यांचा कुत्रा माझ्या आधी सुटायचा. त्याला चार पाय आहेत.
शत्रूची सगळी गुपितं आता माझ्याकडे.

१६ सप्टेंबर
डिम्फनाचं सामान बांधायला गेले. मदत म्हणून नव्हे, टेहळणी म्हणून. खोकी बघून दोनदा अंगणात जाऊन आले. धूळ फार होती.

२६ सप्टेंबर, शनिवार
तयारी पूर्ण. पट्टीला दोन टाके घातले. आता चूक होणं अशक्य.

२७ सप्टेंबर, रविवार
समुद्राला भरती. लाटा तलावाच्या भिंतीवरून आत येत होत्या. चौथ्या लेनमध्ये ती, पाचव्या लेनमध्ये मी. क्लेमने भोंगा उचलला. मन अंगठ्यावर. सगळं चिडीचूप. तेवढ्यात शेजारून, ओठ न हलवता, अगदी सिस्टरांच्या वर्गातल्यासारखी ती पुटपुटली: बर्नी, तेव्हा पट्टी सुटली नव्हती गं.
भोंगा वाजला म्हणतात.
मी नुसती उभी. ती मध्यावर पोचली, मागे वळली, आणि मला काठावर आ वासून उभी बघून इतकी हसली की पाणी प्यायली. लेनची दोरी धरून ओरडली, ये ना गं बये, तुझ्यासाठी थांबलेय! मग मी उडी मारली. बाकीचे चहाला गेले तेव्हा आम्ही दोघी पोचलो. पहिला हात माझा लागला, मी शपथेवर सांगते. क्लेम म्हणतो, त्याने पाहिलं नाही. तो उगाच पायातले बूट बघत होता.
डोळे अजून चुरचुरतायत. खारं पाणी गेलं. फक्त ते उडीच्या आधीच कसं गेलं, हे तंत्र मला अजून कळलेलं नाही.