सकाळचं मीठपाणी

बाबा, डॉक्टरांनी माझं सकाळचं मीठपाणी बंद केलं. परवाची गोष्ट, पण मी अजून सुन्न आहे. ऑफिसात तपासणी होती. बीपी इतकं निघालं की नर्सने पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला आणि पुन्हा मोजलं. मग अलिबागच्या डॉक्टरांकडे गेलो. खाणंपिणं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला बरंच वाटलं. सकाळी चालायचं मी कितीदा ठरवलं आणि सोडलं, फोनवर शिस्तीची भाषणं ऐकली तीही विसरलो. तुम्ही लावलेली ही एक सवय मात्र टिकली होती. तांब्याभर पाणी, त्यात चिमूटभर नव्हे, चांगलं चमचाभर मीठ. ते मी थोड्या तोऱ्यातच सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“वडील काय करायचे?”

“मिठागरावर होते.”

“आणि तुम्ही?”

“बंदरात, बिलिंगला. एसीत बसतो.”

“मग हे मीठ कुणाच्या घामासाठी?”

मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. बाहेर अजून उजाडायचं आहे, आई चूल पेटवते आहे आणि तुम्ही उभ्यानेच तांब्या तोंडाला लावता. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर मीठ ओढायला येतो, म्हणून मलाही पेला मिळतो. मी तोंड वाकडं करतो. “पी गपचूप. उन्हात चक्कर आली तर कोन उचलंल तुला?” दुपारी मिठाच्या पांढऱ्या उजेडात डोळे उघडत नाहीत, तुमचा सदरा भिजून वाळतो आणि पाठीवर मिठाचे पट्टे उमटतात. मला चक्कर येत नाही. तुमचं बरोबर होतं, बाबा.

मग खाडीकाठच्या खाजणात भराव पडला आणि मिठागर गेलं. तुम्ही ओटीवर बसायला लागलात. तांब्या तसाच राहिला, ताटातली सुकटीची खारट चटणीही तशीच राहिली. आई म्हणायची, “आता कसला घाम येतो तुम्हाला? डोक्यावर पंखा हाय.” तुम्ही म्हणायचात, “सवय सुटली का मानूस सुटला.” आम्ही दोघंही हसायचो. आणि एका सकाळी दात घासताना तुमचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. त्यातच तुम्ही गेलात. मिठागर गेल्याचा धसका घेतला, असं गावाने म्हटलं. मीही तेच म्हणत आलो.

डॉक्टरांच्या समोर बसून मी विचारलं, अर्धांगवायू मिठाने येतो का. ते म्हणाले, “मिठाने बीपी वाढतं, आणि ते वाढलेलं राहिलं तर येऊ शकतो. त्यांचं कधी मोजलं होतं?” कधीच नाही. तुम्ही आजारीच पडत नव्हतात, मोजणार कोण? मी घरापर्यंत गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. इतकी वर्षं मी जिला शिस्त म्हणत होतो, ती उन्हातल्या माणसाची गरज होती. ऊन संपल्यावर ती सवय थांबवायला हवी होती, हे तुम्हाला कळलं नाही, मलाही नाही.

घरी बायको म्हणाली, “आता फोनवर कुणी सैंधव चांगलं म्हणून मेसेज पाठवला, तर त्याचा तांब्या सुरू करू नका.” आज साधं पाणी प्यालो. अळणी लागलं.

हे पत्र कुठे पाठवणार? काल मुलीने विचारलं, आजोबा कशाने गेले? तिच्याही सकाळच्या पेल्यात मीच मीठ घालत आलोय. तो पेला मी बंद केला, डॉक्टरांचं नाव सांगून. पण तिच्या प्रश्नाला म्हणालो, धसक्याने. बाबा, तुम्ही शिकवलेल्या गोष्टीने गेलात असं माझ्या तोंडून निघालं नाही.