ऊन पाणी आणि एक स्वल्पविराम

तीर्थरूप मावशीस,

धाकट्या भाच्याचा नमस्कार (कंबर धरल्यामुळे साष्टांग तूर्त कागदावरच). तुझे गुडघे आता कसे आहेत? आम्ही सगळे खुशाल. तुझ्या सुनेचा आवाज तर खणखणीत आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

रविवारी येतेस, दोन दिवस राहणार आणि तू दिलेली शाल पांघरून मी कसा दिसतो ते डोळे भरून बघणार, असं तुझं पत्र आलं. वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ हा कागद पुढे ओढला. दोन हिवाळे खपून तू भरलेली ती शाल सध्या कुणाला दाखवण्याच्या स्थितीत नाही. तू आधीच कुठे टिकतेस? काका गेल्यापासून त्या घरात एकटी असतेस, तरी इथे आलीस की तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेतेस. त्यात शालीची दशा पाहून दारातूनच मागे फिरलीस तर? म्हणून जे झालं ते आधीच लिहून मोकळा होतो.

शाल देताना तू तिला चिठ्ठी टाचली होतीस. तिच्यात लिहिलं होतं की शालीला ऊन, पाणी लावू नये. मी पडलो मुद्रितशोधक. लिहिलेलं तंतोतंत पाळायची सवय. तीन वर्षं जिवापाड पाळलं. छापखान्यातलं माझं टेबल खिडकीशी होतं, ते जिन्याखाली हलवून घेतलं (तिथे नीट दिसत नाही, त्या वर्षी निघालेल्या शब्दकोशात ते जाणवतं). बाहेर ऊन असलं की शाल पिशवीत, ढग आले की शाल पिशवीत. नक्षीला धक्का लागू नये म्हणून घातलीच तर उलटी पांघरायचो, त्यामुळे शेजारच्या टेबलावर खिळे जुळवणारे जुळारी मला रोज हळूच कानात सांगायचे की शाल उलटी झालीय. एकदा त्यांचाच चहा तिच्यावर सांडला. पाणी लावायचं नाही, म्हणून मी तो फुंकर मारमारून वाळवला आणि शाल प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. काळजीत मी कसर ठेवली नाही गं. ती आपली आपणच आली. परवा पिशवी सोडली, तर डागाभोवती तीन भोकं. दोन काठाला आणि एक थेट मधल्या वेलाच्या पानात. तुझ्या सुनेने त्यावर मला जे शालजोडीतले दिले, त्यांना मात्र अजून कसर लागलेली नाही.

शाल घेऊन रफूगारांकडे गेलो. हे गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवतात आणि बोलणं घशात. शाल मांडीवर घेऊन त्यांनी आधी उलटी बाजू पाहिली (कुणाचा हात किती साफ आहे ते तिथे कळतं म्हणे, तुझा हात बघून त्यांनी मान डोलावली). मग विचारलं, शेवटची कधी धुतली? मी अभिमानाने सांगितलं, कधीच नाही. ऊन कधी दाखवलं? छे! मग मात्र घशातलं सगळं बाहेर आलं. गार पाण्यात साबणाचा नुसता फेस करायचा, शाल हलक्या हाताने दाबायची, पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं. सावलीत आडवी वाळवायची, दोरीवर टांगली की भरतकामाच्या वजनाने ओघळते. ठेवायची ती जुन्या सुती कापडात, दर वेळी घडी बदलून. आणि अधूनमधून सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं. अहो पण मावशीनेच लिहिलंय, असं म्हणत मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा नाकावर आणला, चिठ्ठीही आधी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मावशींनी ऊन पाणी लावू नये असं लिहिलंय. म्हणजे गरम पाणी. मधला स्वल्पविराम लाल शाईचा आहे, बाकी सगळं निळं."

मावशी, तो स्वल्पविराम माझा. चिठ्ठी हातात पडताच सवयीने घातला असणार. बावीस वर्षांत कितीतरी लेखक माझ्या नावाने असाच शंख करून गेले आणि मी त्यांच्यावरच चिडत आलो. त्या दुकानात उभ्या उभ्या मी सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली (एक कवी सोडून, त्याला खरोखरच गरज होती).

काठाची दोन भोकं रफूगारांनी अशी बुजवली की मला ती आता सापडत नाहीत. पानापुढे मात्र त्यांनी हात टेकले. टाका तुझा, दुसऱ्याचा हात लागला की ओळखू येईल म्हणाले. शाल धुऊन, टिपून, मागच्या खोलीत आडवी पडली आहे. तुझी सून तासातासाला तिच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे. मला खरंच वाईट वाटतंय. रागाव हवी तेवढी, पण इथे येऊन रागाव.

तुझा,
लाल शाईवाला भाचा

ता. क. येताना सुई आणि हिरवी लोकर आण. डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नाही, हे ठाऊक आहे मला. सुईत धागा मी ओवून देईन. रोज चारच टाके घाल, दुपारी विश्रांती घे. या गतीने पानाला महिना तरी लागेल, तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.

आणखी एक. खोटं सांगून तुला बोलवावं हे मनाला पटेना. रफूगारांनी हात टेकले नव्हते. पान तासाभरात भरून देतो म्हणाले, जुळता धागाही काढला होता. मीच त्यांच्या मांडीवरून शाल उचलून आणली.